दाताची कातडी

बाबा परत आले तेव्हा
अंगावर दुसऱ्याच कुणाचा कोट होता,
आइसलंडच्या कुण्या मेंढपाळाचा,
बाह्या आखूड, खिशात लोकरीचा गुंता.
हल स्टेशनवर फोटोवाल्यानं विचारलं,
कसे वाचलात, मिस्टर गार्थवेट?
"दाताच्या कातडीनं," ते म्हणाले,
आणि त्यानं सांगितलं म्हणून हसले.

आमच्याकडे असंच म्हणतात.
बस सुटता सुटता मिळाली तरी,
परीक्षेत काठावर तरलात तरी.
पण मी सात वर्षांची, मला ते खरंच वाटलं.
आरशासमोर ओठ वर ओढून
शोधत राहिले,
कुठे असते ती एवढीशी,
जिला धरून माणूस समुद्रातून वर येतो.

शाळेत दातांचे डॉक्टर आले, त्यांना विचारलं.
म्हणाले, दाताला कातडी नसते, बाळ.
कवच असतं. गेलं की पुन्हा येत नाही.

शेजारची डोरीन पोस्टिल आली होती पहिल्याच संध्याकाळी.
दारातच उभी.
बाबांचे हात उलटे सुलटे करून पाहिले तिनं,
बाजारात मासा पाहावा तसे.
"एक ओरखडासुद्धा नाही," म्हणाली.
मग आईला: "त्या दिवशी मी काही धुतलं नव्हतं गं,
रुमालसुद्धा नाही."
बोट निघते त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणीच धूत नाही.

त्याच वसंतात बाबांनी सगळे दात काढून घेतले.
चौतिसाव्या वर्षी, बत्तीसच्या बत्तीस, धडधाकट.
तेव्हा बरेच जण काढायचे, कुणी काही विचारलं नाही.
रात्री कवळी पेल्यात,
पेला कधी अर्ध्याच्या वर भरलेला नाही.

सांगितलं ते फार उशिरा,
कवळी काढलेल्या तोंडानं, अर्धे शब्द हवेत.
ॲग्नेस मेवर एकोणीस जण.
दोरांवर, डोलकाठीवर, कठड्यावर बर्फ,
कुऱ्हाडीनं एक हात तोडावा तर दोन हात चढलेला.
त्या पहाटे वर जायची पाळी लेन पोस्टिलची होती.
त्याची दाढ ठणकत होती,
गाल फुगून डोळ्याला भिडलेला.
"मी म्हटलं, पड तू, मी जातो."
थोडा वेळ गप्प.
"बोट उलटली तेव्हा खाली सगळे झोपलेले होते."
मग त्यांनी पाणी मागितलं, आणि प्यायले नाहीत.

डोरीन आता नव्वदीची आहे.
मी गुरुवारी तिच्याकडे किराणा पोचवते.
परवा अंडी मोजता मोजता थांबली, म्हणाली,
"मी त्याच्या पिशवीत लवंगेचं तेल ठेवलं होतं.
कापसात गुंडाळून, मोज्यांच्या आत.
सापडलं असेल का गं त्याला?"

मी म्हटलं, हो.
बाबा सांगायचे, सगळ्या खोलीत वास होता.
झोप लागली होती त्याला.

तिनं पुन्हा पहिल्यापासून अंडी मोजली.
अकरा निघाली. एक वाटेत फुटलं होतं,
पिशवीच्या तळाशी,
माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.