शेरा

फोंड्याच्या वरच्या अंगाला, काजूच्या उतारावर
चार कबरी आणि एक घुमट, अर्धा.
त्यांना हात लावायचा नाही, असं परवानगीत लिहिलंय.
आमचं काम शेजारी:
घुमटापासून तेरा पावलांवर
गवतातून जांभ्याची एक ओळ डोकं काढते, तिथे.

पाच मीटर बाय पाच मीटर. सुतळी, खुंट्या, ओळंबा.
पहिला थर पानांचा, आणि फेणीच्या एका बाटलीचा.
दुसऱ्यात कौलं.
तिसऱ्याचा रंग मी रंगपट्टीवर शोधत बसले
तेव्हा शेवंती गावकर पाटी उचलता उचलता म्हणाली,
सुक्या बांगड्याची पाठ.
वहीत मी आकडा लिहिला.
पट्टीवर बांगडा नाही.

घुमटाला घडीव चिरा, चुना, कोपऱ्यात कमळ.
इथे ओबडधोबड दगड आणि माती.
मेलेल्यांना चुना, जित्यांना चिखल
हे लिहिलं आणि खोडलं.
अहवालात असं लिहीत नाहीत.

तीन खोल्या निघाल्या.
एकीत चूल, तिच्या पोटात राख अजून मऊ,
माशाचे काटे,
काळी पडलेली एक पणती
आणि भिंतीलगत अकरा कोऱ्या,
एकीत एक घातलेल्या,
उद्यासाठी.

कासीम मुजावर रोज देखरेखीला येतो.
त्या दिवशी छत्री मिटून काठावर उकिडवा बसला.
आमच्यातही दिव्याची पाळी असते, म्हणाला. गुरुवार माझा.
मग लुंगीच्या टोकाने पणती पुसायला वाकला,
मी अडवलं. तपासायला पाठवायचीय.
काय तपासणार?
तेल कसलं होतं ते.
खोबरेल, तो म्हणाला,
वर माडांकडे न बघताच.

उंबरा झिजतो तो मधोमध.
हा झिजलाय डावीकडे, एका टाचेएवढा.
मी कारणं मांडली: दगड कच्चा,
पागोळ्यांची धार, दार एकफळी.
शेवंतीने भरलेली पाटी उजव्या कमरेवर घेतली
आणि आत आली.
पाय त्या खळग्यात पडला.
बाहेर गेली, परत आली.
पडला.
"कळसो," ती म्हणाली. "तळयेवयलो."
आणि माती ओतायला निघून गेली, कारण अकरा वाजत आले होते
आणि चहाआधी तिला अजून सहा पाट्या काढायच्या होत्या.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा, दीड इंची.
कबरीत कोण निजलंय त्याबद्दल चार मतं आहेत,
चारही छापलेली.
त्यांच्या उशाशी पाणी कोण आणत होतं, राख कोण काढत होतं,
आणि मासळी तळताना
वाऱ्याची दिशा बघून दार कोण लोटून घेत होतं,
ते दीड इंचात.
मी लिहिलं: उंबरा, झीज, डावी बाजू. कारण?
प्रश्नचिन्ह मात्र नीट काढलं.

मिरगाआधी चर बुजवावा लागतो.
तळाशी प्लॅस्टिक अंथरलं,
त्यावर यंदाच्या सालचं नाणं ठेवलं, दोन रुपयांचं.
कोणाक? शेवंतीने विचारलं.
पुढे कधी कोणी खणलं तर कळावं,
इथवर आम्ही आलो होतो.
ती थोडा वेळ नाण्याकडे बघत राहिली.
"दोन रुपयांनी किदें मेळटा तांकां?"

कासीम हसला. मीही.
पाकीट चाचपून पाचाचं काढलं,
दोनाच्या शेजारी ठेवलं,
आणि पहिली पाटी तिनेच टाकली,
डावीकडून.