संमतीपत्राची मागची बाजू

दोन्या एदेलमिरा वेन्तेओ चष्मा शोधत नाही.
म्हणते, तूच वाच. मोठ्यानं. समुद्रावर वरताण.
मी वाचतो : "सहभागी व्यक्तीस हे मान्य आहे की…"
आणि तिसऱ्या ओळीत माझा आवाज
नोटीस घेऊन आलेल्या बेलिफाचा होतो.

चिलोए बेट. चुलीवर समुद्रवेलीची जुडी वाळतेय,
टोपलीत काळेनिळे, वेडेवाकडे बटाटे.
प्रत्येकाला नाव आहे,
आणि ती नावं मी अजून मागितलेली नाहीत.

तुझ्याआधी एक आला होता, ती सांगते.
एकोणसत्तर साली. बूट फाटके, माणूस चांगला.
माझ्या बापाचा आवाज अकरा फितींत भरून नेला त्यानं :
लाटांचे प्रकार, बुडालेल्या होड्या,
आणि एक गाणं, जे मयताच्या घराबाहेर म्हणायचं नसतं.
सान्तियागोच्या कपाटात आहेत त्या.
मी दोनदा गेले.
खिडकीतल्या पोरीनं विचारलं, बाई, संस्था कुठली?
म्हटलं, मुलगी.
तसा रकाना नव्हता.

काय बोलावं कळेना, म्हणून मी अनुदानाबद्दल बोललो.
ती बटाटे सोलत राहिली.

मग म्हणाली, उद्या ये. ओरिएलचं घर हलवायचंय.

इथे घर मोडत नाहीत, उचलून नेतात.
ओंडक्यांवर चढवून, बैल जुंपून,
अख्ख्या वस्तीनं ओढत भरतीच्या पाण्यापर्यंत.
मजुरी नाही. दुपारी जेवण,
आणि तुमचं घर निघेल त्या दिवशी हेच हात.

मी दोर धरला, तो उलट्या तोंडानं.
सगळे हसले. कुणीतरी खांद्याला धरून मला फिरवलं.
घर कण्हलं. खिडकीतला पडदा हलला.
निघालं.
रेकॉर्डर मी मुद्दाम खोलीवर ठेवला होता,
असं लिहिलं तर बरं दिसेल.
विसरलो होतो.

संध्याकाळी तिनं तो कागद उलटा केला,
पेन्सिलीनं, जोर देऊन लिहिलं :
आधी फिती. मग बसू.
खाली एक रेघ ओढली, माझ्या सहीसाठी.

तळहातांना फोड आले होते. सही वाकडी झाली,
कुणा दुसऱ्याची वाटावी अशी.
तिनं ती बराच वेळ निरखली.
चष्मा तिच्या केसांतच होता.