तीन की आठ

तीस वर्षं अंबडच्या कारखान्यात टाइमकीपर होतो.
आला त्याच्यापुढे टिंब,
नाही आला त्याच्यापुढे लाल शाईनं 'गै'.
का नाही आला, हे विचारणं माझं काम नव्हतं.
निवृत्त झाल्यावर तेवढंच करावंसं वाटू लागलं.

सुलभा बच्छाव, वय एक्केचाळीस,
आमच्याच इमारतीत, दुसरा मजला.
मेन रोडला चष्म्याच्या दुकानात काचा घासायची.
मंगळवारी संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी
द्वारकेजवळच्या पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात
अकरा सेकंद चालली,
नंतर कुठल्याच कॅमेऱ्यात नाही.

ते अकरा सेकंद आम्ही किती वेळा चालवले तिला.
जेलरोडचे एक शिक्षक म्हणाले, चाल बघा, घाबरलेली बाई.
सातपूरची नर्स म्हणाली, घाबरली कसली, नवी चप्पल चावतेय.
कुणाचा तरी कॅनडातला मुलगा रात्री जागून म्हणाला,
पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेली. का?
कुणी म्हणालं नवरा.
नवरा नव्हताच, मग तेच कारण ठरलं.
पाणबुडे पोचायच्या आधी
आम्ही गंगापूर धरणात उतरून
चहा निवायच्या आत वर आलो होतो.

खोटं कशाला सांगू, जेवण गोड लागत होतं.
बायको म्हणाली, बऱ्याच वर्षांनी तरतरीत दिसताय.

सातव्या सेकंदाला तिच्या मागे एक रिक्षा.
नंबराचा शेवटचा आकडा धुरकट.
इंग्रजी तिनाची दोन्ही तोंडं मिटली की आठ होतो.
पंचकार्डावरचे तेलकट, पुसट आकडे
वाचून म्हातारा झालेला माणूस मी.
भिंग लावलं. लिहिलं : आठ. नक्की.

'नक्की' लिहायची गरज नव्हती.

आठवाला निघाला निवृत्ती लहांगे, राहणार म्हसरूळ.
त्या मंगळवारी तो पेठला बहिणीकडे
गुडघाभर चिखलात भात लावत होता.
पोलिसांना हे दोन तासांत कळलं.
तोवर त्याची पुढची काच फुटली होती
आणि शाळेत त्याच्या मुलीला कुणी विचारलं होतं,
तुझ्या पप्पांनी बाई कुठे ठेवली?
मग तीनवाला शोधला.
तीनची रिक्षा तीन वर्षांपासून भंगारात.
सहा असेल, शिक्षक म्हणाले.

सटाण्याहून तिचा भाऊ आला.
जिन्यात थांबवून विचारलं,
तुम्ही शेजारी, शेवटचं काय बोलली तुमच्याशी?

तिची चाल मला पाठ. अकरा सेकंदांत सतरा पावलं.
आवाज आठवेना.
एवढंच आठवलं की याच जिन्यात
एकदा तिनं हात पुढे करून माझा चष्मा मागितला,
वाकडी झालेली दांडी उजेडात धरली,
ओठ मिटून हळूच सरळ केली, परत दिला.
काहीतरी बोलली असेलच की.
मी मान हलवून वर गेलो असेन, बातम्या लागायची वेळ.

तोच चष्मा घालून मी आठ वाचला.

हे भावाला सांगितलं नाही.
म्हटलं, मनमिळाऊ होती हो.
त्यानं 'होती' ऐकलं.

परवा निमाणीवरून रिक्षा केली.
काच नवी, कोपऱ्यात कंपनीचा कागद तसाच चिकटलेला.
नंबर मी बसल्यावर आठवला, बघितला नव्हता.
पंचवटी, रविवार कारंजा, सगळा रस्ता
त्याची मान माझ्यासमोर.
बोलायला तीनदा घसा खाकरला.
मुलगी शाळेत जाते का? एवढंच विचारायचं होतं.

सीबीएसला उतरलो. शंभराची नोट दिली, म्हटलं राहू द्या.
कशाला? म्हणाला. सुटे मोजून हातावर ठेवले,
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
ओळखलं, असं वाटलं.

काका, म्हणाला,
चष्मा तिरका बसतोय तुमचा.