मागचा डावा ड्रम

विडी घरकुलात नळ यायच्या आधीच
नान्नाने चाकांना दगड लावले.
दोन पुढे, दोन मागे,
आणि एक उगाच.

"थोडं उशिरा धरतंय," एवढंच बोलला होता.
अशोक चौकातल्या मिस्त्रीने आकडा सांगितला,
तो ऐकून घरी आला
आणि खाटेखालचे पाने बाहेर काढले.
वीस टनी जॅक मौलालीचाचांचा,
तेल पुसून परत द्यायच्या बोलीवर.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच,
हे मला तेव्हा कळलं.
टॉमीवर तो दोन्ही पायांनी उभा राहिला,
मग मलाही वर घेतलं.
नववीतलं माझं वजन
पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं.
नट आधी कुरकुरला
आणि मग आम्ही दोघं एकदम खाली.

ड्रम निघता निघेना.
कडेकडेने घण, डिझेल, परत घण,
शेजारच्या बोल्लीकाकू खिडकीतून ओरडल्या,
"ओ, रविवार हाय की आज!"
निघाला तेव्हा आतून काळी भुकटी सांडली.
मी फुंकर मारायला वाकले,
तर उंबऱ्यावरनं अम्मा,
"फुंकू नको. ओला फडका घे."
तिच्या मांडीवरच्या सुपात तंबाखू होती,
कात्री चालूच होती,
आणि ती खोकली.

लायनर झिजून कागद झालेलं.
रिव्हेटची डोकी वर येऊन
ड्रममध्ये चरे पाडून गेलेली,
आणि चऱ्यांच्या मधोमध निळे डाग,
तापून तापून लोखंडाला चढतात तसे.
बॅटरी माझ्या हातात होती,
हलवायला नको होती, हलली.

अम्मा उठून आली.
तेंदूच्या ओल्या बोटाने एका डागाभोवती फिरली.
"कुठल्या घाटात?"
"तुळजापूरच्या."
"भरलेली?"
"लातूरचं सोयाबीन. नऊ टन."
"मग थांबलास कसा?"
नान्ना रिव्हेट मोजायला लागला.
सोळा होते. परत मोजले.

दुपारी पत्रा तापला, सावली गाडीच्या पोटाखाली सरकली,
आम्हीही सरकलो.
पट्टीवर रिव्हेट, रिव्हेटवर हातोडा;
अम्माचा पंचवीसचा कट्टा आणि त्याचा एक ठोका
कधीकधी बरोबर पडत होते.
चरे गेले नाहीत. नवा ड्रम पुढच्या खेपेला, म्हणाला.
भाकरी खाल्ली काळ्याच हातांनी,
शेंगाचटणीला ग्रीसचा वास.

संध्याकाळी मी केबिनमध्ये.
हवेचा काटा चढेपर्यंत थांबले.
"दाब."
"सोड."
फुस्स.
गल्लीतलं कुत्रं प्रत्येक वेळी उठून बसायचं.
खालून त्याचा आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही.
"दाब. अजून. धरून ठेव."
मी धरून ठेवलं.
सोड म्हणायला त्याने फार वेळ लावला.

मग कोपऱ्यापर्यंत चालवली आणि दाबला,
अम्मा शेजारी बसलेली, सूप मांडीवर,
एक विडीसुद्धा घरंगळली नाही.
"धरतंय," ती म्हणाली.
जॅक पुसून मी परत देऊन आले.

रात्री पाणी प्यायला उठले.
नान्ना गाढ झोपेत होता
आणि उजवा पाय
खाटेची लोखंडी नळी दाबत होता,
सोडून, परत दाबत होता.
नळीला चादर गुंडाळलेली होती,
सुतळीने बांधलेली, दोन गाठी.
सुतळी मळलेली होती,
आजची नव्हती.