शेरा

पारडीच्या पुलाखालून आणलेलं पाणी
गाळून, चार पट पातळ करून
मी चोवीस खळग्यांच्या ताटलीत सोडते.
खळग्याला एक अंडं.
साबुदाण्याहून बारीक, भिजल्यासारखं आरपार.

बाहेर मे, पंचेचाळीस. कूलरच्या ताट्यांना वाळ्याचा वास.
आत पेटीत अठ्ठावीस अंश, रात्रंदिवस.
इन्व्हर्टर आधी अंड्यांना,
उरला तर पंख्याला.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली काळीज दिसतं,
दिसतं म्हणजे, काहीतरी उघडझाप करतं.
मी अंगठ्यानं मोजणीचं बटण दाबत राहते.
नळाच्या मुरवलेल्या पाण्यात: एकशे चाळीस.
पारडीच्या पाण्यात: सत्त्याण्णव,
पंच्याण्णव,
मग मध्येच असा खंड
की पुढचा ठोका
माझा अंगठाच दाबून टाकतो.
तो आकडा खोडावा लागतो.

चौथ्या दिवशी सगळी बाहेर.
काडीला चिकटवलेल्या माझ्याच पापणीच्या केसानं
एकेकाला टोचायचं, पळतं का बघायचं.
साध्या पाण्यातलं कधी गेलं, कळत नाही.
पारडीचं जागीच गोल फिरतं,
शेपूट डोक्याकडे वळलेली,
छातीखाली पाण्याचा फुगा.
मेलेलं नाही. मेलेल्यांचा रकाना वेगळा आहे.

चिंधूजी नान्हे झाडू भिंतीला टेकवून
भिंगाला डोळा लावतात.
"हे तं कोयती व्हय, म्याडम."
काय?
"कोयती. आंभोऱ्याले जाळ्यात यायची, अशीच वाकडी.
बजारात कोनी घेत नाई.
माय म्हने, सोडून दे पोरा,
मोठी झाली का होईन सरळ."
कधीची गोष्ट?
ते बोटं मोजायला घेतात,
दुसऱ्या हातावर येतात,
मग दोन्ही हात पँटला पुसतात.

मी लिहिते: कणा वक्र. पोहणे वर्तुळाकार.
शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीनं: कोयती.
सर खोडतील. खोडू देत.

सहा वाजता ते ताटल्या उचलतात,
सिंकपाशी नळावर हात ठेवून थांबतात.
"याचं पानी मंग कुटं जाते?"

भिंतीवर नदीचा नकाशा आहे,
मीच चिकटवलेला, पाणी कुठून घेतलं त्याच्या लाल टाचण्यांसकट.
मी ब्लीचची बाटली त्यांच्या हातात देते.
दोन झाकणं, म्हणते,
आणि अर्धा तास तसंच राहू द्या.