सातव्या भिंतीमागे

इंटर्न म्हणून आलेला श्चेपान
जेवणाच्या सुट्टीत विचारतो,
"यादविगाबाई, तुम्ही या कामात आलात कशा?"
त्याला वाटलं असेल, मी एखादी पदवी सांगेन.

मी कॅसेटचं सांगितलं.
बितोममध्ये, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत
एक गेम चढायला बारा मिनिटं लागत.
तेवढा वेळ टेप दात खात बसायचा
आणि घरात कुणी जोरात पाऊल टाकायचं नाही.
आई चवड्यांवर चालायची.
बाबा रात्रपाळी करून झोपलेले,
पापण्यांच्या कडांना कोळसा,
काजळ घातल्यासारखा. धुतला तरी जात नसे.

गेममधला ठेंगू माणूस गुहेत हिरे वेचायचा.
तिसऱ्या पडद्यावर एक भिंत होती.
भाऊ म्हणायचा, भिंत आहे, वळ की.
मी धडकत राहायचे.
हिरे नकोच होते मला.

एका हिवाळ्यात प्रोग्रामच्या ओळी उलगडून बसले.
तीनशे चाळिसाव्या ओळीतला एक आकडा बदलला
आणि भिंत गेली.
पलीकडे काहीच नव्हतं.
काळं म्हणावं तर काळंसुद्धा नाही.
कुणी लिहिलंच नव्हतं तिथलं.
अकरा वर्षांची मी, शेजारी सूप गार झालेलं,
आणि तेव्हा कळलं की अलीकडचं सगळं
कुणीतरी बसून लिहिलेलं असतं.

पुढचं श्चेपानला सांगितलं नाही, कंटाळवाणं आहे.
बेकरीच्या गल्ल्याचा प्रोग्राम,
ज्यात एका स्वल्पविरामापायी
अख्खी सकाळ पाव फुकट गेले.
मग कातोवित्से स्टेशनवरचं तिकिटाचं यंत्र.
तीन दिवस खांबाआड उभी राहून पाहत होते:
म्हाताऱ्या बाया एकामागून एक "रद्द" दाबत होत्या,
कारण ते बटण हिरवं होतं.
मीच रंगवलेलं.

बाबांची खाण बंद झाल्यावर बऱ्याच वर्षांनी
बचाव पथकाच्या शाळेने काम दिलं:
धुराने भरलेल्या खाणीतून बाहेर पडायचा सराव,
डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवून.
बाबांना ऑफिसात आणलं.
एवाल्ड कोत्सुर, वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले.
खुर्चीत बसल्या बसल्या ते वाकले,
छत खाली आलं होतं ना.
पाच मिनिटांनी म्हणाले,
"अंधार बरा जमलाय. शांतता चुकलीय.
पंखा बंद पडतो, ते आधी ऐकू येतं.
धूर मागून येतो."
आम्ही त्या जागी भीतीचं संगीत घातलं होतं,
व्हायोलिनसकट. काढलं.

मग ते बाहेरच्या वाटेकडे जाईनात.
बाणाच्या उलट वळले
आणि सातव्या भिंतीला धडकू लागले.
एकदा. पुन्हा.
"इकडे काय आहे?"
काही नाही बाबा, नकाशातच नाही.
"होतं. आलोइझ इथे बसून डबा खायचा.
बाक होता."

आलोइझ कोण, हे आमच्या घरात
कुणी कधी बोललेलं नव्हतं.
तेही पुढे बोलले नाहीत.
चष्मा उतरवला, आतल्या काचा ओल्या होत्या,
बाहीने पुसून परत दिला.

त्या रात्री मी बाक लिहिला.
पत्र्याचा डबा.
कागदात गुंडाळलेला पाव, अर्धा.
करारात नव्हता. बिलात लावला नाही.

आज दुपारी श्चेपानने त्याची पहिली नोंद टाकली:
सातव्या भिंतीतून आरपार जाता येतं.
आत एक बाक, एक डबा.
उपयोग काही दिसत नाही. काढून टाकू?

सापडला कसा रे तुला, मी विचारलं.
"असाच," म्हणाला, "धडकत होतो."

नोंदीखाली शेरा लिहिला: दोष नाही.
आणि त्याला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.