उलटं नाव

अड्याळच्या बाजारात मी स्टीलवर नावं घालतो.
मशीन गुणगुणतं, अक्षराला दोन रुपये,
काना-मात्रेचे पैसे घेत नाही.

पणजोबा डोमाजी तांबट हातानं कोरायचे.
त्यांच्याकडे उदेभान मालगुजार
एक विलायती छाप घेऊन आले :
कुणी सरदार, अंडाकृती चौकट,
मागं मखमली पडदा, दगडी खांब,
खाली चार ओळी किताब.
म्हणाले, असाच मी. तांब्यावर.

त्यांच्या घराला खांब सागाचे,
पडदा म्हणाल तर दाराला जुनं लुगडं.
डोमाजीनं दगडी खांब उभा केला,
पडद्याला झालर दिली.
सात महिने.

भिंगाखाली मी रेघा मोजल्यात :
पागोट्याला तीनशे अकरा,
शेल्याच्या एका चुणीला नव्वद,
चेहऱ्याला जेमतेम चाळीस.
कपाळ कोरंच सोडलंय.

गालावर देवीचे वण टिंबांनी उतरवलेले.
काढ, म्हणाले मालगुजार.
तांब्यातली रेघ पुसत नाही;
मागून ठोकायची, पुढून घासायची,
गाल बरा होईस्तोवर.

छाप सुलटा यावा म्हणून
पत्र्यावर सगळं उलटं.
उदेभानांनी तो उन्हात धरला :
तलवार डाव्या हातात,
नाव शेपटीकडून सुरू.
"मले डावखुरा केला? नाव फिरवलं माह्यं?"

छापखाना नागपुरात.
शाई नाही, कागद नाही, पटवायचं कशानं?
मजुरी बुडाली. पणजीनं पत्रा
रांजणावर झाकण म्हणून ठेवला.
मालगुजारी कायद्यानं गेली
त्या सालीही उदेभान
पाण्यावर पालथेच होते.

परवा तो चिंचेनं घासला.
दिव्याची काजळी जवसाच्या तेलात खलून
रेघांत भरली, वरची पुसून घेतली,
ओला कागद ठेवला, घोंगडीत गुंडाळून
भोजराजच्या रसवंतीच्या चरकातून काढला.

तलवार उजव्या हातात आली.
खांब उभा, पडदा जड, नाव सुलटं,
किताब चारही, त्यातले तीन
कुणी कधी दिलेच नव्हते.
आणि गालावर, घासलं होतं तिथं,
शाई धरून बसलेली,
टिंब न् टिंब.

भोजराज वाकून बघत राहिला.
"कोन होय हा?"
मी नाव वाचून दाखवलं, किताबांसकट.
"हव. पन कोन?"

कागदाला उसाचा वास लागलाय.
मुंग्या पागोट्यापर्यंत आल्यात.